गाणं धरू की विनोद? खानापूरच्या एका पेटीवाल्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचा तेवीस वर्षांचा मुलगा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, गातो. गणपतीत मंडळापुढं नकला आणि विनोदी गाणी करतो, लोक पोट धरून हसतात. त्याला टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात जायचंय. मित्र म्हणतात, गाणं की विनोद, एक काय ते धर. मामा म्हणतात, पहिलं मराठी सुधार, पुण्या-मुंबईचे हसतील. आणि नोकरी सोडून मुंबई कधी गाठायची, हे तिसरं.

मी बेळगावातल्या शहापूरचा. पेटी आणि कीबोर्ड वाजवत या धंद्यात शिरलो. आधी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत वादकांच्या बाजूला बसलो, मग एक दिवस कोणी आलं नाही म्हणून स्किटमध्ये उभा केला गेलो, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंनी पोट भरतोय. तुला 'तू' म्हणूनच लिहितो. आमच्या बाजूला धाकट्याला अहो-जाहो केलं की तोच बिचकतो.

एक काय ते धरू नको. 'एक धर' म्हणणाऱ्यांनी स्किट घरी बसून बघितलेलं असतं. सेटवर काय चालतं ते असं असतं: एका दिवसात बरीच स्किटं उरकायची असतात. संहिता हातात येते तेव्हा तिच्यावर आदल्या रात्रीच्या दुरुस्त्या असतात, आणि सकाळच्या वाचनात अजून होतात. लेखकाला कुठंतरी दोन ओळी गाण्याच्या घालायच्या असतात, कारण सगळं बोलून बोलून स्किट कोरडं पडतं. नट गाणारा नसेल तर बाहेरून गायक आणा, ट्रॅक बनवा, ओठ जुळवा, यात तास-दोन तास जातात. नट स्वतः गाणारा असेल तर तो कीबोर्डवाल्याकडं बघून 'काळी चार दे' म्हणतो, म्हणजे आपली पट्टी सांगतो, आणि काम संपतं. निर्मात्याला हे फार लवकर कळतं. मुंबईत विनोदी नट ढिगानं आहेत, गाणारे त्याहून ढिगानं. एकाच ओळीत गाऊन हसवणारा शोधायला लागतात तेव्हा फोनमध्ये चार-पाचच नावं निघतात. तुला त्या यादीत जायचंय.

आता एक अडचण सांगतो. तू पाठवलेलं वर्णन वाचून माझी अशी समजूत झाली की तू आधी गातोस आणि मग नकला करतोस, किंवा आधी नकला आणि शेवटी एक गाणं. मंडळापुढं ते चालतं, कारण तिथं वेळ भरून काढायचा असतो. टीव्हीला ते दोन वेगळे कलाकार वाटतात आणि दोन्ही मध्यम वाटतात. गाण्यानंच विनोद केला पाहिजे. कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या धंद्यात शिकण्यासारखं खरं काही असेल तर ते इथं आहे.

बेसूर गाण्यापासून सुरुवात करू. सगळ्या नकलाकारांना तो सोपा माल वाटतो. पण श्रोत्याला हसू यायचं असेल तर सूर कुठं होता हे त्याला आधी ऐकू आलं पाहिजे. म्हणून पहिली ओळ स्वच्छ, सुरेल, अगदी देवळात म्हणशील तशी. दुसऱ्या ओळीत एकच जागा सुटू दे. आणि ती सुटत असताना पेटी जागेवर राहिली पाहिजे. पेटीही हलली तर तो विनोद राहत नाही, नुसता वाईट कार्यक्रम होतो. अजून एक बारकावा: अर्ध्या सुरानं खाली घसरलास तर लोक तोंड वाकडं करतात, कारण कानाला ते टोचतं. सरळ भलत्याच सुरावर पूर्ण खात्रीनं जाऊन बसलास तर हसतात. हसू त्या चुकीला नसतं, तुझ्या चेहऱ्यावरच्या खात्रीला असतं. त्यामुळं बेसूर गाताना तोंड वेडंवाकडं करणारे नट मला कधी आवडले नाहीत. बेसूर गाणाऱ्या खऱ्या माणसाला आपण बेसूर गातोय हे ठाऊक नसतं. तुझ्याच मंडळात असा एक तरी असेल. त्याला नीट बघ, डोळे मिटून किती समाधानानं गातो ते.

मग लय. हा आपला बलस्थानाचा भाग, कारण भजनात वाढलेल्या पोराला लय शिकवावी लागत नाही. तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, तेव्हा ती सम कुठं येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. नेमका तिथं आलास तर मान डोलते. एक मात्रा अलीकडं थांबून दुसरंच काही बोललास तर हशा पडतो. पंच म्हणतात तो याच जागी बसतो. आणि हसू पडल्यावर पुढचं वाक्य कधी घ्यायचं, तर हसू चढून उतरायला लागलं की, पूर्ण विरायच्या आधी. फार लवकर घेतलंस तर तुझं वाक्य हशाखाली जातं, उशिरा घेतलंस तर सगळा डोलारा बसतो. मंडळापुढं हे आपोआप होतं, समोर माणसं असतात. सेटवर पुष्कळदा समोर कॅमेरे, चार तंत्रज्ञ आणि दोन परीक्षक एवढंच असतं, आणि हशा नंतर संकलनात वाढवला जातो. तिथं ती जागा स्वतःच मोजून सोडावी लागते. मी मनात केरवा ताल चालू ठेवतो. लोकांना वाटतं, हा विचार करतोय.

आणि आता तुझ्या मालाचं. तू पत्रात लिहिलंयस की भजन चालू असताना वस्तीची बस सुटेल म्हणून मृदंगवाला घाई करायचा आणि बुवा चिडायचे. अरे, हे लिहून काढ ना! बुवांना अभंग विलंबितात आळवायचाय. मृदंगवाल्याला पलीकडच्या गावाला जायचंय, शेवटची बस. तो बोलत काहीच नाही, फक्त प्रत्येक कडव्याला लय चढवतो. बुवा डोळ्यांनी दटावतात, तो खाली बघतो, लय तशीच. टाळकरी मधल्या मध्ये अडकलेत. शेवटी बुवा एवढ्या वेगात गजर म्हणतात की शब्दांची खिचडी होते, आणि बाहेर हॉर्न वाजतो. यात विनोदी वाक्य एकही नाही, सगळा विनोद लयीत आहे. 'बुवा, आटपा की वो' एवढं एकच वाक्य टाळकऱ्याला दे, आणि ते बरोबर समेवर दे. असले चार तुकडे तुझ्याकडं तयार असले, प्रत्येकी चार-पाच मिनिटांचे, तर 'मी गातो आणि कॉमेडी करतो' हे तुला कुणाला सांगावं लागणार नाही.

आता, हे दोन्ही एकत्र करणं काही टीव्हीनं शोधलेलं नाही, आणि आपल्या भागाला तर मुळीच परकं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. त्याच साली गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातच. त्यांचं शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा रस्ता पडला. गाता गाता बोलायचं आणि बोलता बोलता हसवायचं, हा त्या रस्त्यावरचा नेहमीचा माल होता. गोविंद बल्लाळ देवलांचं संशयकल्लोळ बघ, नवराबायकोच्या संशयाचा निव्वळ फार्स, आणि पदं अशी की अजून मैफलीत गातात. पलीकडं गोकाकच्या बाजूला कुलगोड तम्मण्णाचं श्रीकृष्ण पारिजात आहेच. ते रात्रभर बघितलं नसशील तर एकदा बघ. कानडी पुरतं कळलं नाही तरी चालेल. गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून गाण्यात ती माणसं कशी उतरतात, तेवढंच बघ. खानापूरहून खाली कोकणात उतरलास तर दशावतार. तिथं संवाद लिहिलेले नसतात आणि पेटीवाला नटाच्या तोंडाकडं बघत असतो. तुझ्यासारख्या पेटीवाल्यासाठी तर ती शाळाच.

आणि पु. ल. देशपांडे. ते काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, हे आपल्याकडं अजून अभिमानानं सांगतात, आणि बरोबर आहे. पण लोक त्यांच्या कोट्या सांगतात, मला त्यांची पेटी महत्त्वाची वाटते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका सगळं त्यांचं. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' त्याच चित्रपटातलं. त्याच साली 'देवबाप्पा'मधल्या 'नाच रे मोरा'ला चाल लावली ती त्यांनीच. भारतात दूरदर्शन सुरू झालं त्या पहिल्या काळात तिथं काम केलेल्या माणसांतही ते होते. त्यांचं कथाकथन ऐकताना एक कर: अर्थाकडं दुर्लक्ष करून नुसता आवाज ऐक. कुठं थांबतात, कुठं एका श्वासात तीन वाक्यं घेतात, कुठं स्वर एक पट्टी वर नेतात. पेटीवर हात असणाऱ्या माणसाचं बोलणं आहे ते.

टीव्हीचा इतिहास फार लांबवत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गजरा आणि चिमणरावच्या काळात विनोद बहुतेक शब्दांचा होता. खासगी वाहिन्या आल्या, २०१० मध्ये फू बाई फू, २०१४ मध्ये चला हवा येऊ द्या, २०१८ पासून हास्यजत्रा, आणि या काळात वादक पडद्यामागून पुढं आले. ढोलकीवाला, कीबोर्डवाला कॅमेऱ्यात दिसू लागला, त्याला टोमणे बसू लागले, तो उलट वाजवून उत्तर देऊ लागला. माझ्यासारख्याचं नशीब उघडलं ते याच बदलामुळं. तुलाही दार हेच आहे. नट म्हणून ऑडिशनच्या रांगेत उभं राहणारे हजार. वादक म्हणून आत बसलेला माणूस मात्र रोज सगळ्या लेखकांच्या नजरेसमोर असतो.

आता भाषेचं. मामांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की तुमचं निम्मं बरोबर आहे.

बरोबर हे की प्रमाण मराठी स्वच्छ वाचता आलंच पाहिजे. संहिता त्यातच असते, आणि दिग्दर्शक वाट बघत बसत नाही. रोज सकाळी तरुण भारत घे आणि अर्धा तास मोठ्यानं वाच, फोनवर ध्वनिमुद्रण कर, ऐक. 'न' आणि 'ण' कुठं एक होतात, वाक्याच्या शेवटी आवाज कुठं चढतो, ते तुझं तुलाच ऐकू येईल. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. चूक हे की त्यासाठी गावची बोली टाकून द्यायची. तुझी बोली म्हणजे तुझ्याकडचं दुसरं वाद्य आहे. मुंबईत शिकून कुणाला ते वाजवता येत नाही. कोकणची बोली आणि नमनाचा सूर घेऊन प्रभाकर मोरे हास्यजत्रेत उभे राहिले, त्यांनी काही सुधारून घेतलं नाही. कोल्हापूरची बोली २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला'नं घराघरात नेली, आणि त्यासाठी अख्खी मालिका वसगड्याला जाऊन उभी राहिली. आपली, म्हणजे बेळगाव-खानापूर-निपाणीची मराठी, टीव्हीवर अजून नीट आलेलीच नाही.

येते ती कशी, तेही सांगतो. तू बेळगावचा म्हटल्यावर तुला पहिली भूमिका येईल ती 'अण्णा'ची. लुंगी, इडलीची गाडी, आणि 'इल्ला गिल्ला' असलं कुठल्याच गावात न बोललं जाणारं कानडी. नाही म्हणून उठू नको, नवीन माणसाला ते परवडत नाही. काम घे, आणि दोन बदल सुचव. एक, त्याच्या तोंडी खरं कानडी घाल, दोनच वाक्यं, पण हुबळी-धारवाडच्या वळणाची, ऐकणाऱ्याला ओळख पटेल अशी. लेखकाला उलट बरंच वाटतं, त्याला ते येत नसतं. दोन, त्या माणसाला काहीतरी हवं असू दे. गाणं ऐकायचं वेड असू दे, पोरीच्या लग्नाची घाई असू दे. पुलंनी व्यक्तिचित्रात रंगवलेल्या बेळगावच्या रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीला आपण सगळे हसतो, पण मनात राहतं ते त्यांचं गाण्या-नाटकाचं वेड आणि तो मोकळा, शिवराळ जिव्हाळा. भाषा त्या माणसाला चिकटून आली आहे, माणूस भाषेला चिकटवलेला नाही. (रावसाहेबांची नक्कल मात्र ऑडिशनला करू नको. बेळगावचा प्रत्येक जण तीच करतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानात पुलंचा आवाज आधीपासून असतो.)

सीमाप्रश्नावर विनोद करू का, असं तू कंसात विचारलंयस. मंडळाच्या गणपतीत लोक टाळ्या देतील. वाहिनीवर तो कापला जाईल, त्यात तुझं स्किट पण जाईल. इथं जाहीर कार्यक्रमाला परवानगी, फलकावरची भाषा, मागच्या खुर्च्यांवर बसलेले साध्या वेषातले, हे सगळं तुला ठाऊक आहे. आपल्या भागात या विषयात घरातली माणसं गेलेली आहेत, १९५६ पासूनची दुखणी आहेत. त्या दुखण्यावर कोटी करणं मला जमलं नाही, आणि जमलेला कोणी अजून बघितला नाही. पण दोन भाषांत जगणाऱ्या माणसाचा रोजचा गोंधळ, हा सोन्यासारखा माल आहे. तलाठ्याच्या ऑफिसात कानडी अर्ज, घरात मराठी आई, शाळेत इंग्रजी पाटी, आणि भांडण हिंदीत. त्यात कुणाला दुखवायची गरजच पडत नाही.

याला लागूनच: कन्नड वाहिन्यांची ऑडिशन. झी कन्नडवर २०१६ पासून कॉमेडी खिलाडिगळु झालं, कलर्स कन्नडवर २०१५ पासून मजा टॉकीज. उत्तर कर्नाटकच्या बोलीला तिथं फार मागणी आहे, कारण बेंगळुरूच्या नटांना ती नकलेपुरतीच येते. तुझं कानडी कामापुरतं असेल तर अवश्य जा. गावात चार जण बोलतील. त्यांना म्हण, उद्यमबागेतला मालक कुठल्या भाषेत पगार देतो ते आधी विचारा.

पैशाचं आता स्पष्ट सांगतो, कारण याविषयी कोणी सांगत नाही.

टीव्हीचा पैसा परडे असतो, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसाचा. महिन्यात तुझे किती दिवस लागतील हे तुझ्या हातात नसतं. कार्यक्रम बंद झाला तर दुसऱ्या दिवसापासून शून्य. आणि काम केल्यावर पैसे नव्वद दिवसांनी येतात ही या धंद्याची सर्वसाधारण रीत आहे. म्हणजे आज पहिला दिवस भरलास तर पहिला चेक तीन महिन्यांनी, तोही दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून. तो कापलेला पैसा विवरणपत्र भरल्यावर बहुतेक परत मिळतो, खरं आपली निम्मी पोरं विवरणपत्रच भरत नाहीत. पॅन आहे, बँक खातं आहे, तर एखादा करसल्लागार गाठ. टिळकवाडीत गल्लीगल्लीत आहेत. कामाचे दिवस, ठिकाण, ठरलेली रक्कम वहीत लिहून ठेव आणि प्रॉडक्शनवाल्याला त्याच रात्री मेसेज कर, 'आज अमुक स्किट, अमुक रकमेला काम केलं.' मला एका निर्मात्यानं एकदा पूर्ण पर्वाचे पैसे बुडवले. नाव घेत नाही. तोंडी ठरलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो, एवढं त्यानं शिकवलं. को-ऑर्डिनेटर काम मिळवून देतो आणि मानधनातून टक्केवारी घेतो, ते रास्त आहे. काम देण्याआधी 'नोंदणी'चे, 'पोर्टफोलिओ'चे पैसे मागतो तो को-ऑर्डिनेटर नव्हे. त्याचा फोन ठेवून दे.

संगीताच्या बाजूला एक हक्काचा पैसा आहे तो पोरांना माहीत नसतो. तू स्वतः चाल लावलीस, शब्द लिहिलेस, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी कुणाला लिहून घेता येत नाही. तो गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासूनची. चार गाणी तुझ्या नावावर प्रसिद्ध झाली की सभासद हो. याची उलटी बाजूही ध्यानात घे. गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर विडंबन करून तू फोनवर टाकलंस तर आवाज बंद केला जाईल किंवा त्याची कमाई कंपनीकडं जाईल. वाहिनीलाही त्या चालीची परवानगी घ्यावी लागते, म्हणून लेखक अशा स्किटला कचरतात. स्वतःच्या चालीचा तुकडा आणलास तर सगळ्यांची डोकेदुखी वाचते. पारंपरिक ओवी, गवळण, एकनाथांची भारुडं यांच्यावर कुणाचा हक्क नाही, कारण रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. कुणाचं ध्वनिमुद्रण तेवढं उचलायचं नाही, ते वेगळं धरलं जातं. भारुडासारखा विनोदी संगीताचा खजिना दुसरा नाही आणि तो फुकट आहे. तुझ्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना पाठ असलेली भारुडं आधी लिहून घे, मुंबईचा विचार नंतर कर.

म्हणजे नोकरी? आत्ता सोडू नको. अशोक सराफांचं मूळ घराणं बेळगावचं, २०२५ मध्ये पद्मश्री झाले म्हणून इथं पेढे वाटणारे होते. ते रंगभूमीवर काम करत असताना कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत होते. प्रशांत दामले तर तुझ्या प्रश्नाचं चालतं-बोलतं उत्तर. विनोदी नट आणि गाणारा नट, दोन्ही एकाच माणसात. ६ नोव्हेंबर २०२२ ला साडेबारा हजारावा प्रयोग केला त्यांनी. तेही सुरुवातीला बेस्टमध्ये नोकरीला होते. नोकरी करत प्रयोग करणं कष्टाचं आहे, तुला पाळी बदलून घ्यावी लागेल, झोप कमी होईल. पण भाड्याची काळजी डोक्यावर घेऊन उभा राहिलेला नट पंच घाईत मारतो, हे मी सेटवर पुष्कळदा बघितलंय.

दरम्यान इथं काम नाही असं समजू नको. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, कारदगा, कुठलं ग्रामीण साहित्य संमेलन घे, दुपारच्या कविसंमेलनानंतर लोक पेंगत असतात आणि संयोजक कुणीतरी हसवणारा शोधत असतात. गावोगावच्या जत्रेतली नाटकं आहेत, त्यांना पेटीवाला नेहमी कमी पडतो. शहरात लोकमान्य रंगमंदिर आहे. चंदगड, गडहिंग्लज, पलीकडं गोवा. सुपारी घेताना अर्धी रक्कम आधी घे, प्रवासखर्च वेगळा सांग, आणि माईकची चौकशी स्वतः कर, कारण विनोद ऐकूच गेला नाही तर पडलेला माणूस तू असतोस, साऊंडवाला नाही. एक मोठा प्रसंगही आठवतो: २०१५ ला नाट्यसंमेलन बेळगावात भरलं तेव्हा अध्यक्ष फैयाज होत्या, गाणाऱ्या नटी. सीमाभागातल्या मांडवात गाणाऱ्या नटीला तो मान मिळाला, याचा आम्हा वादकांना जो आनंद झाला तो भाषणात कुणी बोलून दाखवला नाही.

मुंबईला कधी? वर सांगितलेले चार तुकडे तयार झाले, तुला न ओळखणाऱ्या गावात ते चालले, आणि सहा महिन्यांचं भाडं व जेवण बाजूला पडलं, की जा. ओळखीच्या गावात हसणारे लोक निम्मे तुला हसत असतात, तुकड्याला नाही. म्हणून खानापूरच्या तुकड्याची परीक्षा चिकोडीत घ्यायची.

गळ्याचं एक सांगायचं राहिलं. विनोदी आवाज गळा फाडतात. म्हातारीचा किरटा आवाज, दारुड्याचा घोगरा आवाज, हे सगळं घशातून दाबून काढलं जातं, आणि लगेच पुढच्या ओळीत स्वच्छ षड्ज लावायचा असतो. वातानुकूलित स्टुडिओत दिवसभर हे केलं की संध्याकाळी आवाज बसतो. सकाळी खर्जाचा रियाज सोडू नको. पात्राचा आवाज ओठ, जीभ आणि नाकातून बदलायला शीक, घसा आवळून नव्हे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर काढे पीत बसू नको, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव, स्वरयंत्रावर गाठ असू शकते.

आणि व्हिडिओ पाठवायचा असेल तर असा पाठव: फोन आडवा, प्रकाश समोरून, मागं देव्हारा किंवा वाळत घातलेले कपडे नकोत. पहिल्या वीस सेकंदांत नाव-गाव आणि एक सुरेल ओळ, लगेच वस्तीच्या बसचा तुकडा. प्रमाण मराठीत एक उतारा आणि गावच्या बोलीत एक. एकूण तीन मिनिटांच्या वर नको, बघणारा तेवढं बघत नाही. हशा आतून घालू नको. मृदंगाला मात्र तोच मृदंगवाला घे, ज्याला बस गाठायची असायची.